दातात धरायची बॅटरी

बॅटरी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी उजेडाचं विचारतं. किती लांब पडतो, किती वेळ टिकतो, पावसात चालते का. मी उलट विचारतो, धरणार कशात? लोकांना वाटतं मी त्यांची फिरकी घेतोय. पण सोलापुरात स्टँडकडून नव्या पेठेकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या या इलेक्ट्रिकच्या दुकानात उभं राहून माझी निम्मी हयात गेली आणि एवढी एक गोष्ट मला नक्की कळली, की बॅटरी आधी धरायची वस्तू आहे, उजेडाचं नंतर. उजनीच्या पाण्याकाठी मोटार बघायला उतरणाऱ्याचा एक हात कायम कशाला तरी घट्ट धरून असतो. श्रीपूरकडं ऊसतोडीला निघालेल्या बाईला ती कमरेला खोचायची असते. माझ्या वडिलांना ती दातात धरायची असे.

अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. चादरी आणि टॉवेल विणणारा माग बिघडला की विणकर बाजूला होतो आणि जॉबर मागाच्या पोटाखाली शिरतो. एका हातात पाना, दुसऱ्या हाताची बोटं नट शोधतायत, पाठीखाली तेलकट फरशी आणि नाकातोंडात कापसाचा भुगा. तिसरा हात देवानं दिलेला नाही, म्हणून बॅटरी दातात. मी लहान असताना अण्णा घरी आले की त्यांच्या तोंडाला दोन्ही कोपऱ्यांत काळे डाग असत. आई लिंबाची फोड हातात ठेवायची आणि ते मुकाट्यानं मोरीत जायचे.

दातात मोठ्या सेलची बॅटरी धरली तर जबडा निखळेल. त्यामुळे पेन्सिल सेलचीच लागते, पाकिटावर डबल ए लिहिलेलं असतं त्या बोटाएवढ्या सेलची. चार्जिंगची का नको, असं लोक विचारतात. स्वस्तातल्या चार्जिंगच्या बॅटरीत आत बसवलेला सेल वर्षा-दीड वर्षात मान टाकतो आणि तो बदलता येत नाही, सगळी बॅटरीच फेकावी लागते. पेन्सिल सेल कारखान्याच्या दारातल्या पानटपरीवरही मिळतो. मोबाइलचा उजेड दातात धरता येत नाही. डोक्याला पट्ट्यानं बांधायची बॅटरी मी अण्णांना एकदा दिली होती. मागाखाली मान फिरवायला जागा नसते, ती सारखी लोखंडावर आपटायची, आणि पट्ट्याखाली घामात कापूस चिकटून त्यांच्या कपाळावर पुरळ उठलं. चौथ्या दिवशी त्यांनी ती काउंटरवर आणून ठेवली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड आणि तो लांब जाणार की जवळच पसरणार हे पुढच्या चकचकीत वाटीच्या खोलीवर ठरतं, हे मी कुणालाही चहा थंड व्हायच्या आत समजावून सांगायचो. खोक्यावरचे मोठाले आकडे निम्मे खोटे असतात हेही सांगायचो. दुकानाच्या मागं बिनखिडकीचं गोदाम आहे. तिथं चुन्याच्या भिंतीवर दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी मारून दाखवायच्या आणि गिऱ्हाइकालाच निवडू द्यायचं, अशी माझी पद्धत. आणि जाताना प्रत्येकाला ठरलेलं वाक्य, बॅटरी पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर सेल पाझरतो आणि बॅटरी खराब होते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते तोंडाबरोबर हातालाही पाठ झालंय. माझा हा सगळा शहाणपणा घरच्या कामी कसा आला आणि मी काय दिवे लावले, ते सांगायला बसलोय.

करोनाच्या नंतरचा दुसरा उन्हाळा असेल. अण्णा म्हणाले, बॅटरी डीम झालीय. मी सेल बदलले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं, सेलचा लॉटच शिळा आला. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडची जुनी दोन सेलची बॅटरी काढून घेतली आणि दुप्पट उजेडाची नवी दिली. संध्याकाळी सुटल्यावर ते दुकानात यायचे, काउंटरच्या डाव्या अंगाला त्यांचं स्टूल ठरलेलं होतं. तिथं बसून त्यांनी ती नवी बॅटरी दोनदा उघडझाप केली, मग गोदामात जाऊन भिंतीवर मारली आणि म्हणाले, उजेड पसरतोय. पसरलेला उजेड काय कामाचा, नट तेवढा दिसला पाहिजे.

मला ते पटलं. कारागिराला आपलं हत्यार कळतं, असं म्हणून मी त्यांना खोल वाटीची, बारीक फोकसची बॅटरी दिली. भिंतीवर तिचा रुपयाएवढा पांढरा ठिपका पडायचा आणि त्याच्या बाहेर जवळजवळ काही नाही. अण्णा खूश झाले. आता कसं, म्हणाले. त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकांना मी ती बॅटरी हातात ठेवून सांगितलं की माझे वडील जॉबर आहेत, चाळीस वर्षं मागाखाली गेली, तेही हीच वापरतात. बऱ्याच विकल्या गेल्या. त्या प्रत्येक विक्रीची आज मला शरम वाटते.

आमच्या घरात कुठल्याही अंधाराचं कारण व्होल्टेज असायचं. त्यात कुणाचा वेडेपणा नव्हता. संध्याकाळी आजूबाजूचे कारखाने जोरात असले की ट्यूब खरंच फडफडायच्या, पंखे रेंगाळायचे. मागावर उभं राहणारा माणूस वर ट्यूबकडे बघूनच दिवस कसा जाणार ते सांगायचा. त्यामुळे घरात जेवताना अण्णा म्हणाले की आज लाईट डीम आहे, तर आम्हीही वर बघायचो आणि व्हय म्हणायचो. मी तर शहाणा, घरात स्टॅबिलायझर आणून बसवला. मीटर लावून बघितलं, दोनशे तीसच्या वर काटा. तरी मी ट्यूब बदलली. माणूस सोडून बाकी सगळं बदलून झालं होतं.

मग ते ट्यूब चालू असतानाही घरात बॅटरी घेऊन फिरायला लागले. स्वयंपाकघरातून मोरीत जाताना पायापुढं तो रुपयाएवढा ठिपका. मी एकदा सगळ्यांच्या देखत विचारलं, अण्णा, वरात निघालीय का? ते हसले. आई हसली नाही. आई तोपर्यंत वाटेतला पाट भिंतीला लावायची, मोरीच्या दाराशी ठेवलेली बादली आत सरकवायची, त्यांच्या ताटात भाकरी नेहमी उजवीकडून समोर ओढून ठेवायची. हे तिनं कधीपासून सुरू केलं कुणास ठाऊक. तिनं कुणाला सांगितलं नाही, बहुतेक स्वतःलाही सांगितलं नसावं. मी तिला दोष देत नाही. तिच्या हातात बादली होती, तिनं बादली सरकवली. माझ्या हातात बॅटऱ्यांचं अख्खं दुकान होतं.

पुढची बॅटरी मी खास मागवली. एकाच पेन्सिल सेलवर चालणारी, अंगठ्याएवढी जाड, आणि उजेड असा की गोदामात लावली तर मागच्या भिंतीवरच्या खिळ्यांची डोकी मोजता यावीत. साधा सेल तिच्यात टिकत नाही, एवढा जोर तो देऊच शकत नाही. म्हणून चार्ज होणारे पेन्सिल सेल वेगळे घेतले, चार्जर घेतला, दोन सेल त्यांच्या शर्टाच्या खिशात जादा. पूर्ण जोरावर ती तासाभरात संपते आणि तोंडाकडून तापते, म्हणून मधल्या उजेडावर वापरायची, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी एकदाही ऐकलं नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या खालच्या ओठावर भाजल्याचा फोड आला. मी चिडलो. अण्णा, मधल्यावर ठेवा म्हटलं होतं की. ते म्हणाले, मधल्यावर भागत नाही. मग मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर घट्ट चढवला, म्हणजे ओठ भाजणार नाही. महिन्याभरात त्या रबरावर त्यांच्या दातांच्या खुणा उमटल्या. त्या खुणा बघून मला फार बरं वाटलं होतं. मी त्यांच्यासाठी काहीतरी केलं, असं वाटलं होतं.

त्याच पावसाळ्यात त्यांनी एक पाना मागात विसरला. ज्या नटावर काम चाललं होतं त्याच्या वीतभर बाजूला पाना ठेवला आणि बाहेर आले. विणकरानं माग सुरू केला, खाड्कन आवाज झाला आणि मागाचा ओतीव बिडाचा एक भाग तडकला. कुणाला लागलं नाही. मालक तेलुगू बोलणारे, मऊ स्वभावाचे, अण्णांशी तेलुगूतच बोलायचे, कारण एवढ्या वर्षांत अण्णा ती शिकले होते. ते रागावले नाहीत. फक्त पुढच्या वेळी माग बंद पडल्यावर त्यांनी शेजारच्या कारखान्यातला जॉबर बोलावला. अण्णा त्या दिवशी दुपारीच दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, बॅटरीचा फोकस अजून बारीक मिळतो का बघ.

मी बघत होतो. खरंच बघत होतो, मोबाइलवर, त्यांच्या शेजारी उभा राहून.

त्या वेळी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ दुकानात आला. पन्नाशीचा असेल, खांद्यावर घोंगडं, हातात जुनी पत्र्याची बॅटरी. वर्षातून एकदा तो यायचाच. त्याला कळपावर मारायला लांब फोकसची लागते. मेंढरं बसवलेल्या रानात प्लग कुठून आणणार, म्हणून तोही पेन्सिल सेलवाला. मी त्याला मामा म्हणायचो. मी आत गोदामात बॅटऱ्या काढत होतो आणि तो अण्णांच्या डाव्या बाजूला टेकून त्यांच्याशी गप्पा मारत होता. चहा आलेला मला गोदामाच्या दारातून दिसला. पोऱ्यानं ग्लास अण्णांच्या डाव्या हाताशी धरला, ते बोलतच राहिले. त्यानं ग्लास पुढं केला, तरी ते बोलतच. शेवटी मामानं तो घेतला आणि त्यांच्या नाकासमोर धरला तेव्हा ते दचकले, अरे, चहा व्हय, म्हणाले.

मी बॅटऱ्या घेऊन बाहेर आलो. मामानं मला खुणेनं थांबवलं. अण्णा त्याला कारखान्यातला कुठलासा जुना किस्सा सांगत होते, समोर रस्त्याकडे बघत. मामानं आपला हात त्यांच्या डाव्या कानापाशी नेला, बोटं हलवत हळूहळू पुढं आणायला लागला. डोळ्याच्या कोपऱ्याशी आणला. गालापुढं आणला. अण्णा हसत होते, किस्सा रंगात आला होता. हात नाकाच्या जवळजवळ रेषेत आला तेव्हा ते थांबले. मग मामा उठून उजवीकडं गेला आणि तिकडून तसंच केलं. तिकडं थोडं लवकर कळलं, थोडंच. हे करताना मामाचा चेहरा आजारी जनावराजवळ बसलेल्या माणसाचा होता, मला तो अजून दिसतो.

"मेंढी मान तिरकी करून चालाया लागली की आमी आसंच बगतो," तो मला दाराशी नेऊन म्हणाला. "बाजूचं जातंय आदी. समोरचं ऱ्हातंय, म्हनून कुनाला कळत न्हाय. तुमी त्यांला बॅटऱ्या देताय व्हय, मालक?"

मी व्हय म्हणालो. माझ्या हातात दोन बॅटऱ्या होत्या. त्यानं एक घेतली, ती मारूनही बघितली नाही, आणि गेला. बारीक फोकस अण्णांना का आवडला हे मला तेव्हा, दुकानाच्या पायरीवर उभा असताना कळलं. त्यांना दिसतच तेवढं होतं. रुपयाएवढं. त्याच्या बाहेर सांडलेला उजेड त्यांच्या दृष्टीनं वाया जायचा आणि मी, मोठा जाणकार, त्यांच्या नजरेच्या मापाची बॅटरी शोधून शोधून त्यांना देत होतो.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घातलं, दाब मोजला, आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं. मग एक तपासणी लिहून दिली. एका पांढऱ्या अर्ध्या गोलात हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या खुणेकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा बारीक ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. खोली अंधारी होती. अण्णांनी बटण अंगठ्याखाली नीट बसवून घेतलं, पाना धरावा तसं. तपासणी करणारी मुलगी बाजूच्या कॉम्प्युटरवर बसली. मी तिच्या मागं उभा होतो, मला तिचा पडदा दिसत होता.

ठिपके येत होते. वर, खाली, डावीकडं, कडेला. मला अण्णांचा अंगठा दिसत होता. तो हलत नव्हता. मधेच एकदा बटण वाजलं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि मग पुन्हा शांत. पडद्यावर एकेक जागा काळी होत गेली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाबा, अण्णा, नुसतं दाबा. परीक्षेत पोराला कॉपी पुरवायला निघालेल्या बापासारखी माझी गत झाली होती, फक्त इथं बाप आत बसला होता. चार-पाच मिनिटं झाली असतील.

"बाई, मशिन बंद पडलंय तुमचं," अण्णा आतून म्हणाले. "ठिपकाच येत न्हाय. कुनाला तरी बोलवा की."

त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, बाबा, चालू आहे, तुम्ही मधेच बघा. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बसले, इमानदारीनं, पाठ ताठ करून. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की बिघाड यंत्रात आहे आणि ते आपण दुरुस्त करू शकलो असतो.

काचबिंदू. आत दाब वाढून डोळ्याच्या मागची नस सुकत जाते, दुखत नाही, लाल होत नाही. डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होत्या. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशननंही नाही. राहिलीय तेवढी थेंबांनी टिकवायची, तीही टिकेलच असं सांगता येत नाही, कारण फार उशीर झालाय. उजव्या डोळ्यात थोडी आहे, डाव्यात जवळजवळ नाही. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, घरात कुणाला काही जाणवलं नाही का? मी त्यांना बॅटऱ्यांचं सांगितलं. पहिली, दुसरी, बारीक फोकसची, मग ती खास मागवलेली. त्या ऐकत होत्या. मी इतकं सविस्तर का सांगत होतो कळत नाही, कदाचित कुणीतरी मला ताडताड बोलावं असं वाटत असेल.  हा आजार घराण्यात चालतो, तुम्हीही तपासून घ्या, एवढंच त्या म्हणाल्या. मी तपासून घेतलं. माझे डोळे चांगले आहेत. तो कागद हातात घेऊन मी जिन्यात उभा राहिलो आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

काम सुटलं. मालकांनी घरी येऊन धोतरजोडी दिली, तेलुगूत बोलले, चहा घेतला. अण्णांनी आपल्या पान्यांची पिशवी नव्या जॉबरसाठी त्यांच्याबरोबर पाठवून दिली. बॅटरी मात्र दिली नाही. ती उशीपाशी राहिली, दातांच्या खुणांच्या रबरासकट. सकाळ-संध्याकाळ आई थेंब घालायची, घड्याळ लावून, एक वेळ चुकली नाही. तरी नजर जातच राहिली. पहिल्या वर्षी ते दारातला माणूस ओळखायचे. मग दारात माणूस आहे एवढं ओळखायचे. मग नुसतं दार, उन्हाचं. गेल्या उन्हाळ्यापासून तेही नीटसं नाही. कडकडीत दुपारी अंगणात बसून ते विचारतात, आभाळ आलंय का.

मी दर रविवारी त्यांच्या बॅटरीचा सेल बदलत राहिलो. दुकानातून चार्ज केलेला आणायचा, अण्णा, बॅटरी द्या, म्हणायचं, ते ती उशीपाशी चाचपून द्यायचे, मी मागचं टोपण फिरवून जुना काढायचो, नवा घालायचो. दिवेलागणीला ते ती लावून हातात धरून बसायचे. लागलीय की नाही हे त्यांना काचेवर तळवा ठेवून कळायचं, गरम लागायची. मी हे का करत होतो? दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. आमच्या घरात रविवारी दुसरं काही बोलणंच उरलं नव्हतं, तेवढा एक व्यवहार होता.

गेल्या महिन्यात अण्णांना ताप आला. आठ-दहा दिवस अंथरुणात होते, बॅटरीला हात लावला नाही. एक दिवस त्यांची खोली आवरताना मी ती उचलली, पुसली, टोपण फिरवलं, सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि बॅटरी जागेवर ठेवली. मी हे केलं हे मला तेव्हा कळलंही नाही. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगतो तेच माझ्या हातांनी केलं.

ताप उतरला. संध्याकाळी आईनं देवापुढं दिवा लावला, आणि अण्णांनी उशीपाशी हात नेऊन बॅटरी घेतली. मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी बटण दाबलं नाही. तळहातावर ठेवून दोनदा वर-खाली केली. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेला माणूस, तोळ्याचा फरक त्याला कळतो.

"हलकी लागतीया," ते म्हणाले. "सेल काढलास?"

माझ्या तोंडातून ते ठरलेलं वाक्य निघून गेलं. म्हणालो, अण्णा, पडून राहिली की सेल पाझरतो, बॅटरी खराब होते. म्हटलं आणि जीभ चावली. ते रबरावरच्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले.

"दर आयतवारी सेल बदलत व्हतास," ते म्हणाले, "म्हनून मला वाटायचं, डाक्टरीनबाईनं तुला काय तरी येगळं सांगितलं आसंल. मला सांगायचं न्हाय आसं काय तरी चांगलं."

दोन वर्षं माझ्या रविवारच्या सेलवर त्यांनी आपली आशा जगवली होती, आणि मला त्याची खबर नव्हती. मी उठलो, ड्रॉवरमधून सेल काढला. आत घातला, पण टोपण आट्यावर बसेना. अण्णांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली, एका फिरकीत टोपण बसवलं आणि मला परत दिली.

मी ती त्यांच्या हाताशी धरून म्हणालो, अण्णा, लावा की. ते म्हणाले, ठेव दुकानात, गिऱ्हाइकाला दाखवायला हुईल.